बॉल हातात नव्हता

सौदामिनी कंधारकर सोळा वर्षं सॉफ्टबॉलची अंपायर होती. नांदेडच्या एका मुलींच्या शाळेत ती खेळाची बाई. विद्यापीठाच्या संघात असताना ती कॅचर होती, म्हणजे होम प्लेटच्या मागं बसून बॉल झेलणारी. त्या दिवसांची आठवण म्हणून उजव्या हाताचं एक बोट वाकडं राहिलं होतं. अंपायर झाल्यावरही ती उभी राहायची ती प्लेटच्याच मागं. तिथं सगळ्यात जास्त भांडणं होतात म्हणून बाकीचे अंपायर ती जागा टाळायचे. सौदामिनी टाळत नसे.

त्या भांडणांचं मूळ एका नियमात आहे. तिन्ही बेस पार करून धावत येणारी मुलगी प्लेटला पाय लावते तेव्हा तिची धाव पूर्ण होते. कॅचरच्या हातात बॉल असेल तर तिनं धावणारीची वाट खुशाल अडवावी. हातात बॉल नसताना ती आडवी आली, तर चूक कॅचरची. अंपायरनं डावा हात आडवा करायचा आणि धाव द्यायची. उलट, कॅचरच्या हातात बॉल असताना धावणारी मुद्दाम अंगावर गेली, तर धावणारी आऊट, आणि फार दांडगाई केली असेल तर मैदानाबाहेर. पुस्तकात हे वाचायला सोपं आहे. मैदानात ते सगळं एका श्वासात घडतं.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात नांदेडला विभागीय शालेय स्पर्धा होत्या. मुलींचा अंतिम सामना अर्धापूर आणि निलंगा या दोन शाळांत होता. जिंकणारा संघ राज्य स्पर्धेला जाणार होता. बहुतेक मुली दहावीच्या होत्या आणि राज्यावर खेळलेल्या मुलीला परीक्षेत वाढीव गुण मिळतात, त्यामुळं मुलींपेक्षा पालकच जास्त धास्तावलेले होते. अर्धापूर नांदेडपासून अर्ध्या तासावर. तिथून दोन टेम्पो भरून माणसं आली होती. निलंग्याकडून संघासोबत त्यांचे सर आणि एक बाई, एवढेच.

सातवी आणि शेवटची इनिंग. अर्धापूरची बॅटिंग संपलेली, चार-चार अशी बरोबरी. निलंग्याच्या दोघी आऊट झाल्या होत्या आणि दुसऱ्या बेसवर प्रियदर्शनी नावाची उंच, सडसडीत मुलगी उभी होती. बॅट करणारीनं बॉल उजवीकडे लांब मारला. प्रियदर्शनी निघाली. तिसरा बेस तिनं वळणावरच ओलांडला आणि ती थेट होमकडे धावत सुटली. तिकडून अर्धापूरच्या मुलीनं बॉल उचलून जोरात फेकला.

अर्धापूरची कॅचर दीपमाला. सोळा वर्षांची, ठेंगणी, संघातली सगळ्यात धीट मुलगी. तिनं तोंडावरचा मास्क काढून बाजूला फेकला, दोन पावलं पुढं आली आणि डावा गुडघा रेषेवर टाकून बसली. तिच्या पायानं अख्खी प्लेट झाकली गेली. प्रियदर्शनी तेव्हा तीन पावलांवर होती. बॉल अजून मैदानाच्या मधोमध, बॉल टाकणाऱ्या पिचरच्या डोक्यावरून येत होता.

सौदामिनीचा डावा हात आडवा झाला.

प्रियदर्शनीनं वळायचा प्रयत्न केला. उजवा पाय तिनं बाहेरच्या बाजूला टाकला, दोन्ही हात तोंडापुढं घेतले आणि ती दीपमालावर आदळली. दोघी कोलमडल्या. बॉल त्यानंतर आला आणि कुणाच्याच हाताला न लागता मागच्या जाळीवर जाऊन आपटला. पिचरनं धावत जाऊन तो आणला, खाली पडलेल्या प्रियदर्शनीच्या पाठीला लावला आणि ती ओरडली, "आऊट!" टेम्पोतून आलेली माणसं उठून उभी राहिली. "आऊट! आऊट! पाडलं की वं पोरीला!"

दीपमाला उठली नाही.

काळ्या मातीचं ते मैदान डिसेंबरात दगडासारखं झालेलं. तिचं डोकं उजव्या बाजूनं आपटलं होतं. डोळे अर्धवट उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. सौदामिनीनं खेळ थांबवला, गुडघ्यावर बसून तिची मान दोन्ही हातांनी सरळ धरली आणि कुणी तिला उचलायला आलं की, "हात लावू नका, स्ट्रेचर आणा," एवढंच म्हणत राहिली. दीपमालाचे वडील शेषेराव कुंपणावरून उडी टाकून आले. केळीच्या बागेत राबलेला मजबूत माणूस. ते लेकीच्या पायाशी बसले आणि तिचा निघालेला बूट हातात घेऊन राहिले. गाडी आली, दीपमालाला आत ठेवलं, शेषेराव बूट हातात घेऊनच गाडीत चढले.

गाडी गेल्यावर मैदान सौदामिनीकडं बघायला लागलं.

तिनं निर्णय दिला. कॅचरच्या हातात बॉल नव्हता, तिनं वाट अडवली, धाव मान्य. निलंगा पाच, अर्धापूर चार.

आधी कुणाला खरंच वाटेना. मग एक दगड येऊन जाळीवर आपटला. धाव दिली तरी धावणारीला प्लेटला पाय लावावाच लागतो, म्हणून सौदामिनीनं प्रियदर्शनीकडं बघून प्लेटकडं बोट केलं. ती मुलगी लंगडत आली. दीपमाला पडली होती तिथं मातीवर रक्ताचे चार-दोन थेंब होते. ते चुकवून तिनं पायाचा चवडा प्लेटला लावला. लोक ओरडत होते. ती खाली बघून परत गेली आणि आपल्या बाईंच्या साडीत तिनं तोंड खुपसलं.

मंडपात आयोजन समितीचे सचिव उद्धवराव वाट बघत होते. स्पर्धेसाठी वर्षभर खपणारा, सगळ्यांशी गोड बोलणारा माणूस.

"मॅडम, बसा. पाणी घ्या," ते म्हणाले. "निर्णय फिरवावा लागतोय."

"कशामुळं?"

"बाहेर बघितलं का? लोक पेटलेत. आपल्याच जिल्ह्याची पोरगी दवाखान्यात हाय. तुम्ही कागदावर लिवा की धडक मुद्दाम होती. धावणारी आऊट. जादा इनिंग खेळवू, न्हाईतर दोन्ही संघांना विजेते करून टाकू. निलंग्याचे सर काय बोलणार न्हाईत, मी बोललोय त्यांच्याशी. तेबी भेलेत."

"धडक मुद्दाम नव्हती, उद्धवराव."

"ते तुमालाच माहीत हाय ना? तुमी म्हणाल तेच खरं. अंपायरच्या नजरेवर कुणी अपील करू शकत न्हाई, नियमच हाय तुमचा."

सौदामिनी म्हणाली, "म्हणून तर खोटं लिहिता येत नाही. मी 'मुद्दाम' असं लिहिलं, की ती पोरगी जन्मभर 'एकीचं डोकं फोडणारी' म्हणून राहणार. आणि ते नाही म्हणणारं जगात कुणीच नसणार, कारण बघणारी मी एकटी होते."

"मंग हिच्याबद्दल काय? जिचं फुटलं तिच्याबद्दल?"

तिनं कागद ओढून घेतला आणि जे दिसलं ते लिहिलं. कॅचर कुठं बसली, तेव्हा बॉल कुठं होता, धावणारीनं हात कुठं धरले. खाली सही केली.

ती मंडपातून बाहेर पडली तेव्हा अर्धापूरचे प्रशिक्षक भागवत सर समोर उभे होते. तिशीतला तरुण मास्तर, डोळे लाल झालेले.

"मॅडम, मी तुमच्याच कॅम्पात शिकलो," ते म्हणाले. "आठ वर्षांपूर्वी. प्लेटवर गुडघा कसा टाकायचा, तुम्हीच बसून दाखवलं होतं. मी माझ्या पोरींना तेच शिकवलं. आन् आज त्यालाच तुम्ही चूक म्हणताय?"

सौदामिनीला ती संध्याकाळ आठवली. नियमांचा तास झाल्यावर पोरांनी आग्रह केला होता, "मॅडम, तुम्ही कशा खेळायच्या ते दाखवा." तिच्या काळात बॉल येत असताना कॅचरनं प्लेट अडवलेली चालायची. मग नियम बदलला. हे तिनं तासाला सांगितलं होतं, फळ्यावर लिहिलं होतं. आणि तासभरानं तीच, हसत, मोठ्या दिमाखात, जुन्या पद्धतीनं गुडघा टाकून बसली होती. पोरांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

"हो," ती म्हणाली. "दाखवलं होतं. ते दाखवायला नको होतं. ती चूक माझी आहे, भागवत. पण म्हणून आजचं बदलत नाही."

भागवत सर निघून गेले.

दवाखान्यात दीपमालाला शुद्ध यायला दीड दिवस लागला. उजव्या बाजूचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं आणि कवटीला बारीक चीर होती. ऑपरेशनची गरज पडणार नाही, पण वर्षभर खेळ बंद, असं डॉक्टर म्हणाले. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सौदामिनी गेली तेव्हा शेषेराव वॉर्डाबाहेर भिंतीला टेकून उभे होते. त्यांनी तिला आत जाऊ दिलं नाही. रागानं नाही, नुसते दारात उभे राहिले.

"मॅडम, एक इचारतो," ते म्हणाले. "तुमी त्या पोरीला आऊट दिलं असतं तर तुमचं काय बिघडत होतं?"

"माझं काही बिघडत नव्हतं, दादा."

"मंग?"

"तिनं काही केलं नव्हतं."

"माझ्या लेकीनं केलं होतं म्हणता?"

"तिला जसं शिकवलं तसं तिनं केलं."

"जावा तुमी," शेषेराव म्हणाले. "आता जावा."

ती गेली. घरी आल्यावर तिनं स्वयंपाक केला, नवऱ्याला वाढलं, स्वतः जेवली नाही. नवऱ्यानं एकदाच विचारलं, "खात्री आहे ना तुझी?" ती म्हणाली, "हो." त्यानं परत विषय काढला नाही.

तोवर मोबाइलवर एक व्हिडिओ फिरायला लागला होता. गर्दीतल्या कुणीतरी घेतलेला, जेमतेम सहा सेकंदांचा. त्यात धडक होती, दीपमालाचं पडणं होतं आणि वरून अंपायर बाईचा आडवा हात. धडकेच्या आधीचं काही नव्हतं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं. अंपायर विकली गेली, हे बऱ्याच जणांनी लिहिलं होतं. त्याचं सौदामिनीला फार लागलं नाही. पण प्रियदर्शनीचं नाव आणि शाळा शोधून काढून तिच्याबद्दल जे लिहिलं होतं, ते वाचवेना.

आठवड्यानं निलंग्याच्या बाईंचा फोन आला. प्रियदर्शनी शाळेत येत नव्हती. राज्य स्पर्धेला तीन आठवडे राहिले होते आणि ती जाणार नाही म्हणत होती.

"घरातून बाहेरच निघंना झालीय," बाई म्हणाल्या. "एकच म्हणती, मी मुद्दाम केलं असंल तर? सगळे म्हणून राह्यलेत तर केलंच असंल मी. मॅडम, तुमी बोलता का तिच्याशी?"

सौदामिनी फोनवर बोलली. तिनं सांगितलं, "मी तुझे हात बघत होते. तू वळत होतीस." पलीकडून "हाव मॅडम" असा बारीक आवाज आला आणि फोन बंद झाला. ते शब्द तिच्यापर्यंत पोचले नाहीत, हे सौदामिनीला कळलं. अंपायर तर तिच्या बाजूनंच निकाल देऊन बसली होती. तिचं म्हणणं त्या मुलीला पुरेसं नव्हतं.

दीपमालाला दवाखान्यातून घरी सोडल्याचं कळलं तेव्हा सौदामिनी अर्धापूरला गेली. हाकलून दिलं तर परत यायचं, असं ठरवूनच ती बसमध्ये बसली. घर रस्त्यालगत, मागं केळीची बाग. अंगणात घड भरलेली गाडी उभी होती. शेषेरावांनी तिला पाहिलं आणि आत बघून ते म्हणाले, "खुर्ची द्या बाहेर."

"ती रोज तुमालाच बोलवा म्हणून राह्यलीय," ते म्हणाले. "मीच आणलं न्हाई."

मग ते तिला आत घेऊन गेले. दीपमाला लोडाला टेकून बसली होती. हात गळ्यात अडकवलेला, केस कापलेले. शेजारी भागवत सर होते. ते रोज शाळा सुटली की येत होते, हे सौदामिनीला नंतर कळलं. त्यांनी मान खाली घातली.

दीपमालाच्या आईनं चहा आणला. केळीच्या गाडीवरून वारा आला तेव्हा आई म्हणाली, "हिला वासच येईना झालाय मॅडम. काल दूध उतू गेलं, करपलं, हिला पत्ता न्हाई." डॉक्टर म्हणाले होते, येईल हळूहळू, नाहीतर येणारही नाही.

"मॅडम," दीपमाला म्हणाली, "मला त्यातलं काहीच आठवत न्हाई. बॉल मारल्याला आठवतो. मंग एकदम दवाखाना. समदे म्हणतेत बॉल माझ्या हातात होता, तिनं मारून पाडला. तुमी जवळ होता. बॉल होता का माझ्याकडं?"

शेषेराव दारात उभे होते. सौदामिनीला वाटलं, आत्ता 'होता' म्हटलं तर ही पोरगी सुखानं झोपेल. हे घर, हे अंगण, सगळं एका शब्दानं थोडं हलकं होईल. कागदावर सही झालेली आहे, इथं बोललेलं कुठं जाणार नाही.

"नव्हता," ती म्हणाली. "तू बसलीस तेव्हा बॉल पिचरच्या डोक्यावर होता."

दीपमालानं डोळे मिटले. "आन् माझा पाय?"

"प्लेटवर. पूर्ण."

ती मुलगी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मंग ती कुठून येणार होती?"

त्या प्रश्नावर भागवत सर उठून उभे राहिले. "मी शिकवलं तुला तसं," ते म्हणाले. "नियम मला माहीत होता, दीपमाला. मला वाटलं, कोण बघतंय एवढं. शंभर वेळा चालून गेलं ते. तुझी काही चूक न्हाई त्यात."

"मी दाखवलं म्हणून यांनी शिकवलं," सौदामिनी म्हणाली.

दीपमालानं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. रागावण्याइतकी ताकद तिच्यात नव्हती, किंवा तिचं मन दुसरीकडंच होतं. तिनं विचारलं, "ती कशी हाय? जी आली होती ती?"

सौदामिनीनं खरं ते सांगितलं. शाळा बंद, खेळ बंद, दार लावून बसलीय.

दारातून शेषेराव आत आले आणि सतरंजीवर बसले. त्यांनी मोबाइलवरचा तो व्हिडिओ किती वेळा बघितला असेल, ते त्यांनाच माहीत. ते पुढारी नव्हते, शिकलेले नव्हते, पण बागेतल्या बांधावरून भाऊबंदात झालेले तंटे त्यांनी पाहिले होते. कुणी कुणाची वाट अडवली आणि कुणाला लागलं, हे एकच नसतं, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सौदामिनी निघाली तेव्हा ते रस्त्यापर्यंत सोडायला आले, एवढंच.

चौथ्या दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. "मॅडम, निलंग्याची गाडी कुठून लागती? लातूरहून बदलावी लागती का?"

"लातूरहून. का हो दादा?"

"जाऊन येतो त्या पोरीच्या घरी. पत्ता पायजे."

सौदामिनीनं शाळेत रजा टाकली आणि त्यांच्यासोबत गेली. लातूरपर्यंत शेषेराव खिडकीतून बाहेरची शेतं बघत होते. तूर काढणीला आली होती. लातूरच्या स्टँडवर त्यांनी दोघांसाठी चहा घेतला आणि म्हणाले, "दीपमालाची माय नको म्हणत होती. म्हणली, आपलं लेकरू पडलंय, आन् तुमीच जाणार? मी म्हणलं, आपलं लेकरू बरं होऊन राह्यलंय. तिचं होईना झालंय."

प्रियदर्शनीचं घर निलंग्याच्या एका गल्लीत होतं. वडील शंकरप्पा, पत्र्याच्या पेट्या बनवणारे. आई शिवणकाम करायची. दार उघडल्यावर शंकरप्पांनी अंपायर बाईला ओळखलं, पण सोबतचा माणूस कोण ते कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, भांडायला आले.

"बर्री, आत या," त्या भागातल्या कानडी वळणानं ते म्हणाले. "पोरगीला काही बोलू नका. मला बोला. मी बाप हाय."

"बोलायलाच आलोय," शेषेराव म्हणाले. "पण तिलाच."

प्रियदर्शनी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तोंड सुकलेलं. तिनं शेषेरावांना ओळखलं. बूट हातात घेऊन बसलेला माणूस तिनं त्या दिवशी पाहिला होता. ती मागं सरकली.

शेषेराव उठले नाहीत, जवळ गेले नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, "बाई, मी दीपमालाचा बाप. माझ्या पोरीनं तुझी वाट अडवली होती. बॉल तिच्या हातात नव्हता. हे मला या मॅडमनी सांगितलं, तिच्या सरांनीबी सांगितलं, आन् आता तिलाबी माहीत हाय. तू काय केलं न्हाई. आमच्या घरात तुझ्याबद्दल कुणाच्या मनात काही न्हाई. हे तोंडानं सांगावं म्हणून आलो."

प्रियदर्शनीच्या आईनं शिलाई मशीनवर डोकं टेकलं. शंकरप्पा भिंतीकडं बघत राहिले.

"पण तिचं डोकं," प्रियदर्शनी म्हणाली. "आवाज झाला होता, काका. मला अजून ऐकू येतो."

"मलाबी येतो," शेषेराव म्हणाले.

ते ऐकून ती रडायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला. कुणी तिला थांबवलं नाही. थोड्या वेळानं शेषेरावांनी मोबाइल काढला. त्यांना व्हिडिओ कॉल लावता येत नव्हता, सौदामिनीनं लावून दिला. पडद्यावर दीपमाला दिसली, कापलेल्या केसांची. दोघी एकमेकींकडं बघत राहिल्या.

शेवटी दीपमाला म्हणाली, "तू लंगडत होतीस म्हणं. पाय बरा हाय का?"

"बरा हाय."

"मंग जाय की राज्यावर. तू न्हाई गेली तर मी उगीच आडवी बसले म्हणायचं."

प्रियदर्शनी रडता रडता हसली, आणि हसल्याचं लक्षात येऊन पुन्हा रडली. शंकरप्पांनी जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि घाईघाईत केलेलं पिठलं. शेषेराव पोटभर जेवले. निघताना दोघा बापांनी एकमेकांचे हात हातात घेतले आणि लगेच सोडले.

दीपमालाला दोन-तीन महिन्यांनी थोडा वास येऊ लागला. तिखट फोडणीचा, रॉकेलचा. केळीचा अजून येत नाही. तिनं खेळ सोडला. दहावीला वाढीव गुण मिळाले नाहीत, तरी ती पास झाली आणि नांदेडला अकरावीत गेली. सौदामिनीला त्या हंगामात आणि नंतरच्याही हंगामात एकही सामना मिळाला नाही. उद्धवराव भेटले की नमस्कार करत, तब्येत विचारत. भागवत सरांनी मात्र आपल्या शाळेतल्या सरावाला तिला दर शनिवारी बोलावलं. ती जाते. प्लेटच्या एका बाजूला उभं राहून बॉलची वाट बघायची, हे ती मुलींना शिकवते, आणि जुन्या पद्धतीचा विषय निघाला तर काय घडलं ते नावं न घेता सांगते.

प्रियदर्शनी राज्य स्पर्धेला गेली. सौदामिनी स्वतःहून बघायला गेली आणि लोकांत बसली. दुसऱ्या सामन्यात प्रियदर्शनी तिसऱ्या बेसवरून होमकडे निघाली. समोरची कॅचर बाजूला उभी होती, वाट मोकळी होती, बॉल लांब होता. तरी ती मुलगी प्लेटच्या अलीकडं थबकली. अर्धा क्षण. तेवढ्यात बॉल आला आणि ती आऊट झाली. निलंगा तो सामना हरला.

सामना संपल्यावर सौदामिनी तिच्याकडं गेली. प्रियदर्शनी बूट सोडत बसली होती.

"मॅडम, वाट मोकळी होती ना?" तिनं विचारलं.

"होती."

"मला दिसत होतं ते," ती म्हणाली. "पायच उचलंना."

सौदामिनी तिच्या शेजारी जमिनीवर बसली. दोघी पुढचा सामना बघत राहिल्या.